कोरा कागद आणि कच्चे मडके

वारकरी वारकऱ्यास भेटला की दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि मग बोलावयास बसतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांची लक्षणे सांगितली, त्यांत एकमेकांस बोध करणे हेही एक आहे. हातात मोबाईल आल्यापासून त्यातले ‘एकमेकांस’ कुठे गेले, एवढाच आज आमचा विचार.

सन २०२० मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी आम्ही जळकोटास घरात बसून केली. त्याच दिवसांत आमच्या भजनी मंडळीचा व्हॉट्सॲपवर गट झाला. यंत्रास नावे ठेवणारे आम्ही. पण खरे सांगायचे तर त्या वर्षी त्याचाच आधार झाला. साथ सरली, गट राहिला. आता पहाटेपासून ‘रामकृष्णहरी’ आणि पांडुरंगाची चित्रे सुरू होतात. वाचतो कोण? पुढे मात्र सगळेच ढकलतात.

अशात एका रात्री एका माळकरी गृहस्थांनी लिहिले, “पोरगा गेला. माळ उतरवावी असं मनात येतं. काय करू?” खाली भराभर जोडलेले हात उमटले. कुणी गोरोबाकाकांची गोष्ट पाठवली. तेर आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती सर्वांस पाठ. मूल चिखलात तुडवले गेले, पुढे पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात ते परत मिळाले. त्या बापाने उत्तर दिले, “त्यांचं परत आलं.”

मग सारे गप्प. आम्हीसुद्धा. सकाळी पुन्हा चित्रे.

गोरोबाकाकांची दुसरीही एक कथा आहे. संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले. नामदेव चिडले, आणि तेच कच्चे मडके ठरले. राग आला खरा, पण त्यातूनच ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. जोडलेल्या हातांच्या चित्राने कुणाचे मडके कच्चे की पक्के ते कळत नाही. त्या रात्री कच्चे ठरलो ते आम्ही.

मग लांबून बोलणे व्यर्थच का? तसेही नव्हे. चांगदेवांनी ज्ञानदेवांस पत्र धाडले ते कोरे. वयाने लहान, अधिकाराने थोर, तेव्हा मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. मुक्ताबाई हसल्या, पण निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच चांगदेव पासष्टी. कोऱ्या कागदासही तिथे उत्तर मिळाले, आणि आम्हांस तर स्पष्ट अक्षरांत विचारलेले होते.

पाचव्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. बोध करावयास काही जवळ नव्हते. तेच पोराविषयी बोलत राहिले. तो पखवाज कसा शिकला, बोटांस फोड आले तरी कसा उठेना. आम्ही ऐकत होतो. माळेचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही. चहा झाला, दिवेलागण झाली. निघताना त्यांनी विचारले, “एकादशीला भजन कुणाकडं आहे, माउली?”

आम्ही म्हणालो, “तुमच्याकडं.”