ओढण्याआधी काटा कर

ट्रॅक्टर घेतलास, जुनी दोन चाकी ट्रॉलीही पदरात पडली, चांगलं झालं. निघोज्यात राहून खडी, विटा, पाण्याचा टँकर, मिळेल ते भाडं करशील. पण लेका, एक गोष्ट मनात पक्की धर. ट्रॅक्टर किती ओढतो ते बघून ट्रॉली भरायची नसते, किती आवरतो ते बघून भरायची. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. उताराला भरलेली ट्रॉली मागून रेटते, तेव्हा सगळं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतं.

नजरेच्या अंदाजावर जाऊ नकोस. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढी खडी ४ टनांच्या वर भरते. ५,००० लिटरच्या टँकरात नुसतं पाणीच ५ टन. टँकर अर्धवट भरून पळवू नकोस. पाणी हिंदकळतं आणि वळणावर ट्रॉली ओढून नेतं.

आपल्या चाकण पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. ट्रॉली नेहमीसारखी भर आणि एकदा नीट काटा कर. आधी पडद्यावर शून्य आहे का बघ. गाडी उभी केलीस की इंजिन बंद कर, ब्रेक मोकळा ठेव आणि तूही खाली उतर. काट्याला लागून असलेला रस्ता फळीच्या सपाटीत हवा, नाहीतर अर्धी गाडी वर घेतल्यावर आकडा चुकतो.

चार वजनं घे. पहिलं, एकटा ट्रॅक्टर. दुसरं, ट्रॉली जोडून सगळं. तिसरं, जोडलेली असतानाच फक्त ट्रॉलीची चाकं. चौथं, तशीच फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं.

समज, ट्रॅक्टर २,००० किलो आणि सगळं मिळून ७,५००. म्हणजे ट्रॉली ५,५०० ची. तिच्या चाकांखाली ४,९०० भरले, तर उरलेले ६०० हूकवर आलेत. हूकवर भार वाढला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा, इथे ४०० किलो, राहिलाच पाहिजे. कमी भरला तर माल थोडा मागे सरकव. पण फार मागेही नको. मग दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली हेलकावे खाते. अमेरिकेत गाडीमागे कॅरॅव्हान ओढणारेही हाच हिशेब करतात. तिच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हूकवर ठेवतात.

मग आकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आरसीशी आणि कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघ. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर दर जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

माल बदलला की पुन्हा काटा कर; पावसात भिजलेला मुरूम कोरड्यापेक्षा जड भरतो. गिऱ्हाईक ‘अजून थोडं टाक’ म्हणालं, तर काट्याची पावती दाखव आणि दुसरी खेप सांग. खेप वाढली तर डिझेल जाईल, पण पोरा, तू आणि रस्त्यावरची माणसं धड घरी जातील.