मोबाइलवर शेतीची माहिती नेमकी कशी शोधावी?

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की हल्ली आपला हात आधी मोबाइलकडे जातो. ‘मका अळी औषध’ एवढेच लिहिले तर असंख्य पाने समोर येतात. त्यांत सर्वांत वर बरेचदा जाहिराती असतात. चुकीच्या माहितीवरून फवारणी केल्यास पैसा वाया जातो आणि अळी पोंगा खातच राहते. म्हणून पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) आधी कीड ओळखावी : ‘लष्करी अळी’ हे नाव एकाहून अधिक किडींना आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली. त्यापूर्वीच्या लेखांतील लष्करी अळी ही वेगळी कीड होय. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी उलटी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात.

२) शब्द नेमके लिहावेत : पीक, किडीचे पूर्ण नाव व हवी ती माहिती एकत्र लिहावी. उदा. ‘मका अमेरिकन लष्करी अळी नियंत्रण कृषी विद्यापीठ’. मराठीत पुरेशी माहिती न मिळाल्यास ‘स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा’ हे शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिल्यास शोध त्याच शब्दांपुरता राहतो.

३) माहिती कोणाची ते पाहावे : राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभाग यांच्या पानांना प्राधान्य द्यावे. औषध विकणाऱ्याचे पान ही जाहिरात समजावी.

४) तारीख तपासावी : जुन्या लेखांत फोरेट, ट्रायझोफॉस यांची शिफारस आढळते. या दोन्हींच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तारीख नसलेल्या पानावरून औषध ठरवू नये.

५) खात्री करूनच फवारावे : औषधाच्या वेष्टनावरील लेबलात आपले पीक व कीड यांचा उल्लेख आहे का, ते वाचावे. शंका असल्यास अळीचा स्पष्ट फोटो घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे अथवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

शोधात दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील; परंतु एक चुकीची फवारणी हंगामभर महागात पडते.