विचारलं तर खरं सांग

अगं, दार लोटून घे आणि बस जरा. युनिट टेस्टच्या आदल्या रात्रीच तुझ्या पोटात का ढवळतं? क्लासवरून न्यायला आई दहा मिनिटं उशिरा आली, की तुझ्या डोक्यात तिचा अपघात होऊनही जातो, हो ना? झोप लागत नाही, छातीत धडधडतं. पण मार्क चांगले, उलट उत्तर नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात, 'गुणी पोर आहे.' इथेच सगळी गोची आहे. मनातून धास्तावलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

चिंतेचे विकार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतात. म्हणूनच २०२० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने शिफारस केली, की १३ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलीला आणि बाईला, गरोदर असो की बाळंतीण, डॉक्टरांनी आपणहून याबद्दल विचारावं. ती तक्रार घेऊन येईल याची वाट बघू नये.

विचारतात तरी काय? 'जीएडी-७' नावाची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता आली नाही असं झालं का, चिडचिड झाली का, असे सात प्रश्न. 'अजिबात नाही'ला शून्य, 'जवळपास रोज'ला तीन. बेरीज दहा किंवा जास्त आली, तर डॉक्टर नीट बसून बोलतात. तो आकडा म्हणजे निदान नव्हे गं. थायरॉइडमुळेही धडधड होते, तेही तपासावं लागतं. आणि चिंताच निघाली, तर तिच्यावर उपचार आहेत. समुपदेशक भीतीचे विचार पारखायला शिकवतात, गरज पडली तर औषधं देतात डॉक्टर. यात वेडबिड काही नाही.

रात्री अगदीच राहवलं नाही, तर १४४१६ लाव. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं.

शनिवारी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आईला काय सांगायचं ते मी बघते. तू फक्त एवढंच कर, चांगली मुलगी दिसायचं म्हणून सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण करून मोकळी होऊ नकोस.