पाखाडीला पायऱ्या म्हणू नकोस

आरे-वारे, जि. रत्नागिरी

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा, दोन्ही मिळालं. डब्लिनची नोकरी पक्की झाल्याचं ऐकून मामीने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच तिथल्या थंडीची चौकशी सुरू केली. तिथे तुला वराडकरांबद्दल विचारणारे भेटतीलच. मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, एवढं तरी पाठ ठेव.

तू विचारलंयस, दिवसभर कंपनीचे करार तपासायचे आणि संध्याकाळी मराठी-इंग्रजी भाषांतरं करायची, म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखं होईल का? मला तो एकच दगड वाटतो. का, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या इथलं समुद्राकडचं एक आगर विकायला निघालं. घेणारा परदेशात राहणारा, म्हणून कागद इंग्रजीत. जुन्या खरेदीखतात 'पाखाडी' असा शब्द होता, इंग्रजी मसुद्यात त्याचं झालं 'स्टेप्स'. मी वाचलं, मान डोलावली आणि पान उलटलं. घेणाऱ्याला वाटलं, घराच्या पायऱ्या. घराबरोबर त्याही आपल्याच. त्याने वरच्या तोंडाला गडगा घातला आणि बेडं लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपल्यांतले मुळे काढायला खाडीत उतरणाऱ्या बायका पाट्या घेऊन थेट माझ्या पडवीत. त्यातल्या एकीने विचारलं, "वकीलसाहेब, आमची वाट विकायचे तुम्हाला किती मिळाले?" पाखाडी म्हणजे नुसता चिरा लावलेला उतार नव्हे गं, ती सगळ्या वाडीची वाट. वीस वर्षं उघडपणे, बिनहरकत आणि हक्काने वापरलेली वाट कोणी बंद करू शकत नाही, हे 1882 च्या ईझमेंट अॅक्टच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं. ते मला तोंडपाठ होतं. शब्द मात्र मी वाचला नव्हता. गडगा पाडायला आठ महिने लागले, आणि ते काम मी फुकट केलं.

आता गंमत बघ. तो कायदा ज्याच्या हातून लिहिला गेला, तो वकील तू चाललीस त्याच डब्लिनचा. व्हिटली स्टोक्स, जन्म 1830. 1862 मध्ये मद्रासला आला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य झाला. जमिनीच्या हस्तांतराचा कायदा, ट्रस्टचा कायदा, ईझमेंटचा कायदा, आपण कोर्टात रोज जे चघळतो त्यातलं बरंच त्याचं. आणि हाच माणूस कलकत्त्यात बसून जुन्या आयरिश हस्तलिखितांतले मजकूर शोधून छापत होता. चुकीच्या वाचनावर इतरांना असा फाडायचा की त्याच्या परीक्षणांना पंडित घाबरत. त्याला डोक्यावर घेऊ नकोस. शेवटी राज्यकर्त्यांचाच माणूस तो. पण कलमातला शब्द आणि पोथीतला शब्द तो एकाच नजरेने तपासायचा, तेवढं घेण्यासारखं आहे.

याच स्टोक्सने 1865 मध्ये मद्रासला हिंदू कायद्याच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं एकत्र छापली. त्यात नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' होता, बोराडेलच्या भाषांतरात. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात वारसाहक्काला मयूखाचा शब्द शेवटचा असायचा. आपल्या रत्नागिरीत मिताक्षरेचा. म्हणजे भावाला किती, विधवेला किती, हे या पोथ्यांतल्या एकेका पदावर ठरायचं. भाषांतर तयार होतं, कोर्टात चालत होतं. तरी दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, हायकोर्टातले नावाजलेले वकील, पुन्हा मुळाशी गेले आणि 1880 मध्ये मयूख स्वतः इंग्रजीत आणला. त्याच वर्षी चिपळूणजवळ पेढे-परशुरामला पांडुरंग वामन काणे जन्मले. तेही वकील. त्यांनीही मयूखच संपादायला घेतला आणि त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा असं मनात आणलं. प्रस्तावना कसली! भांडारकर संस्थेने पहिला खंड छापला 1930 मध्ये, पाचवा संपला 1962 मध्ये. मधल्या काळात हायकोर्ट, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद, पोटाचं जुनं दुखणं, पॅरिस, इस्तंबूल आणि केंब्रिजच्या प्राच्यविद्या परिषदा, सगळं चालूच. 1963 मध्ये भारतरत्न झाले.

माझ्या कपाटात काण्यांचा तिसरा खंड आहे. खरं सांगतो, सलग कधी वाचला नाही; अडलं की उघडतो. पण तळटिपांनी अर्धं भरलेलं एखादं पान समोर आलं की पाखाडी आठवते आणि कान गरम होतात.

आता तुझा मसुदा. करार नीट बांधलायस, लवादाचं कलम तर माझ्यापेक्षा सरस. पण चौथ्या पानावर सातबाराच्या इतर हक्कांतल्या 'कूळ' या शब्दाला तू 'टेनंट' लिहिलंयस. तुझ्या आयरिश साहेबाला वाटेल, महिन्याचं भाडं देणारा कोणी असेल, नोटीस दिली की उठेल. त्याला कोण सांगणार की 1948 चा कूळकायदा आहे, आणि 1 एप्रिल 1957 रोजी जमीन कसणारी बहुतेक कुळं कायद्यानेच खरेदीदार ठरली? की त्याआधी या जिल्ह्यात खोत होते, आणि खोती मोडण्याचं विधेयक 1937 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणलं होतं? मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे, शिकले न्यूयॉर्कला आणि लंडनला, आणि बॅरिस्टर होऊन परत आले ते थेट खोताच्या ओटीपर्यंत. साहेबाला पटवायचंच असेल तर हेही सांग की आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्याच 1937 च्या घटनेवरून घेतलेली आहेत. ओळखीचं निघालं की माणूस कान देऊन ऐकतो.

तेव्हा 'कूळ' तसंच ठेव, खाली चार ओळींची टीप दे. टिपेमुळे मसुदा लांबला असं वरचे म्हणतील, म्हणू देत.

लाल शाईच्या खुणा केलेली प्रत पाठवत नाही, इथेच ठेवतो. रविवारी ये. ओहोटी सकाळची आहे, पाखाडीने उतरून सुरूच्या बनापर्यंत जाऊ. मामीने मुळे सांगून ठेवलेत. बेडं अजून तिथेच पडलंय, दाखवतो तुला.

तुझा
मामा