शेवटच्या बांधीपर्यंत पाणी

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका म्हणजे जंगल, तलाव आणि धानाची शेती. येथे पावसाळ्यात पाऊस भरपूर पडतो. पण धान निसवण्याच्या वेळी तो कधी कधी दडी मारतो. तेव्हा एक पाणी मिळाले नाही, तर दाणा भरत नाही आणि चार महिन्यांचे कष्ट वाया जातात.

म्हणूनच या भागात जुन्या काळापासून तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील लोकांनी पूर्व विदर्भात पुष्कळ तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. 'मालगुजारी' म्हणजे शेतसारा, हे तुम्हांला उर्दूमुळे ठाऊक असेलच. गावकरी मिळून गाळ काढत, पाळीवर माती घालत आणि पाट साफ करत.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले. "तलाव सरकारचा, तर दुरुस्तीही सरकारने करावी," असे लोकांना वाटू लागले. अनेक तलावांत गाळ साचला, पाट बुजले.

दुसरी अडचण पाणीवाटपाची. पाटाच्या सुरुवातीला ज्याचे शेत, त्याला पाणी आधी मिळते. त्याने जास्त घेतले, की टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. तो म्हणतो, "पाणीच नाही, तर पाणीपट्टी कशाची?" मग पैसे जमत नाहीत, पाटाची दुरुस्ती होत नाही आणि टोकाला आणखी कमी पाणी पोहोचते.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरचे शेतकरी असेच टोकाला होते. 1991 पासून त्यांनी पाणी वापर संस्था स्थापन केल्या. पुढे त्या संपूर्ण धरणाच्या लाभक्षेत्रातील पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. 2005 मध्ये महाराष्ट्राने याविषयी कायदा केला. त्यानुसार संस्थेच्या संचालक मंडळात सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातील शेतकऱ्यांना सारखे स्थान असते.

कायदा अधिकार देतो. पण पाणी घेण्याची पाळी शेतकऱ्यांनाच सांभाळावी लागते. पहिल्या शेतकऱ्याने आपल्या बांधीचे तोंड वेळेवर बंद केले, तरच शेवटच्या बांधीतले धान भरते.

शब्दार्थ
बांधी – बांध घातलेले धानाचे शेत
निसवणे – पिकाची लोंबी बाहेर पडणे
पाळ – तलावाचा बांध
पाट – शेतात पाणी नेणारा लहान कालवा

स्वाध्याय
1. टोकाचा शेतकरी पाणीपट्टी का देत नाही?
2. तुमच्या वस्तीत नळाचे पाणी सर्वांना सारखे मिळते का? पाच वाक्ये लिहा.