मराठी येतीच की, असं म्हणू नका

पोरांनो, तलाठ्याच्या जागा निघाल्या की तुम्ही गणित-बुद्धिमत्तेची पुस्तकं काखोटीला मारून धाराशिव नाहीतर लातूर गाठता. मराठीचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ती तर येतीच की, आबा." 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 50 गुण मराठीला होते आणि 50 इंग्रजीला. निम्मा पेपर भाषेचाच झाला. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही मराठी व्याकरण असतंच.

आपल्याकडची पोरं नेमकी कुठं गचकतात ते सांगतो. आपण उमरगा-मुरूमकडची माणसं, कर्नाटकाच्या शिवेवरची. "मी काम केलो", "मी भाकर खाल्लो" असं आपण बिनदिक्कत बोलतो. बोलावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बोली सोडून पुणेरी हेल काढणाऱ्यांचा मला तर रागच येतो. पण पेपरात 'प्रयोग ओळखा' आलं की तेवढ्यापुरतं कानावर विसंबू नका. 'मी काम केले' हे वाक्य घ्या. कर्म बदलून बघा : 'मी कामे केली'. क्रियापद हललं. आता कर्ता बदला : 'तिने काम केले'. जागचं हललं नाही. म्हणजे क्रियापद कर्माच्या तालावर चाललंय; प्रयोग कर्मणी. आपला कान याला कर्तरी ठरवून मोकळा होतो, कारण आपल्या तोंडी क्रियापद 'मी'च्याच मागं पळतं. पर्याय वाचायच्या आधी कर्ता आणि कर्म दोन्ही फिरवून बघायची सवय लावा.

शुद्धलेखनाचे नियम सगळे मिळून 18. तेवढे एकदा हातानं लिहून काढा, नुसते वाचून डोक्यात राहत नाहीत. वकील पण वकिलाला, गरीब पण गरिबाला. मात्र शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून शरीराला. पेपर काढणाऱ्याला असल्या जोड्या फार आवडतात. पुस्तक एकच धरा. मो. रा. वाळंब्यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' पुरे आहे. चार क्लासच्या चार झेरॉक्स गोळा करणारा मधल्या सुट्टीत गठ्ठेच चाळत बसतो.

लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मिनिटाला मराठीचे 30 शब्द, इंग्रजीचे 40. टायपिंगच्या क्लासला पैसे भरण्याआधी जाहिरात नीट वाचा, कळफलक कोणता, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन. एकावर बोटं बसली की दुसऱ्यावर ती अडखळतात. मोबाइलवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवता, ती हातोटी तिथं कामाची नाही. आधी चुका कमी करा, वेग मागून येतो.

आमच्या वडिलांच्या वेळी कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. 1948 च्या सप्टेंबरात निजामी गेली, दप्तरं मात्र राहिली. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्याला सवड आहे त्यानं मोडी शिकून ठेवावी. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं.

आता बँकेचं. स्टेट बँकेत ज्युनिअर असोसिएट, म्हणजे आपल्या भाषेत क्लार्क, व्हायला ज्या राज्यातून अर्ज भरला तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यावी लागते. दहावी किंवा बारावीला ती भाषा विषय म्हणून होती असं गुणपत्रक दाखवलं तर भाषेच्या चाचणीतून सूट. म्हणून दहावीचं गुणपत्रक लॅमिनेशन करून ट्रंकेत पुरू नका, दोन साक्षांकित प्रती वेगळ्या ठेवा. जो आजोळी राहून पलीकडं कन्नड शाळेत शिकला, त्यानं महाराष्ट्रातून अर्ज भरला तर मराठीच्या चाचणीची तयारी ठेवावी.

उलटही होतं. घरात कन्नड बोलतो म्हणून कुणी जागा जास्त दिसल्या की कर्नाटक निवडतं. बोलणं झकास, पण कन्नड अक्षर समोर आलं की शुकशुकाट. चाचणी निकालानंतर होते, म्हणजे एवढं सगळं पास होऊन दारात अडायची पाळी. अर्जात भाषांचे रकाने असतात, वाचता, लिहिता, बोलता. जे येतं त्यावरच खूण करा. लिपी येत नसेल आणि तिकडंच जायचं मनात असेल, तर आळंदला कुणाचे मामा असतील त्यांच्या पोरांची पहिली-दुसरीची पुस्तकं आत्ताच मागून आणा.