ध्वनी व चित्र वाहून नेणाऱ्या केबली : किंमत आणि उपयुक्तता

मुंबई-गोवा महामार्ग व कोकण रेल्वे यांवरील सावर्डे (ता. चिपळूण) हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे व शिक्षणाचे गाव. अशा गावी शाळेसाठी प्रोजेक्टर किंवा ग्रामसभेसाठी ध्वनिवर्धक घ्यावयाचा झाल्यास दरपत्रकांतील केबलींच्या किमतींची तफावत बुचकळ्यात टाकते. तेवढ्याच लांबीची केबल काहीशे रुपयांना मिळते आणि काही हजारांनाही. पैसा सार्वजनिक असल्याने या तफावतीत तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कर्ण्याकडे जाणाऱ्या तारेत महत्त्व आहे ते विद्युत्‌रोधाला. १ चौ. मि.मी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. कर्णा १० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार २० मीटर होते. १.५ चौ. मि.मी. तारेत हा रोध सुमारे ०.२३ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या कर्ण्याच्या ३ टक्क्यांहूनही कमी भरतो. कानास तो जाणवणार नाही. ०.५ चौ. मि.मी. तारेत मात्र तो तिप्पट होतो. तेव्हा जाडी व लांबी पाहावी; वेष्टनावरील विशेषणांचे मोल देण्याचे कारण नाही. कर्णे मैदानाच्या पलीकडे, शंभर-दोनशे मीटरवर असल्यास १०० व्होल्ट लाइनची पद्धत जाड तारेपेक्षा सोयीची पडते.

अतिस्वस्त मालातही फसगत संभवते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपविली जाते. तिचा रोध सुमारे दीडपट असतो व ती लवकर तुटते. एक धागा चाकूने खरवडला की आतील पांढरट धातू उघडा पडतो. माल ताब्यात घेताना ही परीक्षा कोणासही करता येईल.

प्रोजेक्टरच्या एचडीएमआय केबलीची गोष्ट निराळी. तीतून अंकीय संदेश जातो. तो नीट पोहोचला तर चित्र पूर्ण उमटते. न पोहोचल्यास ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. महाग केबलीने रंग अधिक खुलत नाहीत. मात्र १५-२० मीटर अंतरासाठी ऑप्टिकल फायबरची केबल घ्यावी लागल्यास तो जादा खर्च समर्थनीय होय. भिंतीत पुरण्यापूर्वी ती जोडून पाहिलेली बरी.

कोकणच्या पावसाळी दमटपणात जोडणीचे भाग काळवंडतात. सोन्याचा मुलामा तेथे थोडाफार उपयोगी पडतो. पण तो इतका पातळ असतो की त्यापायी किंमत दसपट होण्याचे कारण नाही. केबलींवर वाचलेल्या रकमेत एखादा अधिक कर्णा बसविल्यास सभागृहातील मागच्या रांगांना वक्त्याचे शब्द स्पष्ट ऐकू येतील.